तीन अधिक चार, सात बादल्या

मी एक संगणक बोलतोय. मला वीज लागत नाही, पडदा नाही, बटणं नाहीत. गोडेतेलाचे चार डबे आणि त्यांना धरून ठेवणारा बाभळीचा सांगाडा, एवढंच माझं शरीर. केदारखेड्यात रामकिसनभाऊंच्या अंगणात मी उभा आहे.

भाऊ बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचे. एकदा जेवताना त्यांची धाकटी लेक ज्योत्स्ना संगणकाचा धडा मोठ्यानं वाचत होती. त्यात चार्ल्स बॅबेज नावाचे विलायतेतले गृहस्थ आले. त्यांनी चाकांचं मोठं गणितयंत्र योजलं होतं, पण ते पुरं व्हायच्या आधीच ते वारले. भाऊंचा घास हातातच राहिला.

"काम अर्धं राह्यलं बिचाऱ्याचं. अन् तुमी त्याच्यावर गाळलेल्या जागा भरून राह्यल्या?"

ते ताटावरून उठले ते उठलेच. त्यांच्या बायकोनं, बेबीनंदाबाईंनी, गल्लीत चौकशी केली, की कोण वारलं?

संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं, असं ज्योत्स्नानं सांगितलं. "मंग सोपं हाय," म्हणून भाऊ कामाला लागले. आठ महिन्यांनी मी जन्मलो.

माझी रीत अशी. एक म्हणजे एक बादली. पहिल्या डब्यात एक बादली ओतली की तो अर्धा भरतो. दुसरी ओतली की कलंडून रिकामा होतो. तेव्हा अर्धं पाणी शेजारच्या डब्यात जातं, अर्धं जमिनीवर. अर्धा डबा म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. पहिला डबा अर्धा असेल तर एक बादली धरायची, दुसरा असेल तर दोन, तिसरा चार, चौथा आठ. तीन अधिक चार केले की पहिले तीन डबे अर्धे राहतात. म्हणजे सात.

"सात बादल्या मी टँकरवरून वाहून आणल्या," बेबीनंदाबाई म्हणाल्या, "तव्हाच मला कळलं सात हायत!"

 पण माझं एक तरी गणित चार लोकांसमोर व्हावं, हे भाऊंच्या मनातून जाईना. भोकरदनच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, ते फक्त विद्यार्थ्यांसाठी. भाऊ अठ्ठावन्न वर्षांचे. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडमनी जुनं रजिस्टर काढलं. सातवीत शाळा सोडताना भाऊंनी दाखलाच नेला नव्हता.

"म्हणजे तुमचं नाव कमी झालेलंच नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पंचेचाळीस वर्षं गैरहजर आहात."

भाऊंनी गणवेशाची निळी पँट शिवून घेतली. परीक्षकांनी गणित दिलं : नऊ अधिक दोन. बेबीनंदाबाईंनी शाळेच्या हौदावरून अकरा बादल्या आणल्या. डबे कलंडू लागले. सांडलेल्या पाण्यात शेजारचा 'पाणी वाचवा' हा देखावा तरंगत दारापर्यंत गेला. शेवटी पहिला, दुसरा आणि चौथा डबा अर्धा राहिला.

"तिसरा रिकामाच आहे. यंत्र बिघडलं," परीक्षक म्हणाले.

"तो शून्य हाय, साहेब. बराबर हाय," भाऊ म्हणाले.

तेव्हा बेबीनंदाबाई भिजल्या पदरानं पुढं आल्या. "साहेब, अकराच होतात. वाहणारीला इचारा."

परीक्षकांनी डबे पुन्हा मोजले, कागदावर मांडले आणि होकारार्थी मान डोलावली. पहिला क्रमांक मिळणार होता. पण हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नव्हती, म्हणून नाव खोडलं.

जूनपासून भाऊ रोज सातवीत बसतात.

माझं मात्र अवघड आहे. यंदा पाऊस नाही, टँकर आठवड्यातून एकदाच येतो. दोन महिने मी कोरडा होतो; शून्य, शून्य, शून्य, शून्य. काल बेबीनंदाबाई आल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि पहिल्या डब्यात एक बादली ओतली.

"ऱ्हाऊ दे एवढं," त्या पुटपुटल्या.

आज मी एक आहे. केदारखेड्याला आलात, तर येताना एक बादली घेऊन या. मला दोन व्हायचंय.