उसवलेला हिरवा दोरा

मित्रांनो, नियोजन कार्यालयाच्या जिन्याखाली, पाण्याच्या पिंपामागे भिंतीकडे तोंड करून जो जुना नकाशा उभा आहे, तो मी. तुम्हांला माझी केवळ पाठ दिसेल. तोंड असे का फिरले, ते आज कथन करतो.

उपनगरापर्यंत भुयारी रेल्वे वाढवावयाचे ठरले, तेव्हा एका आरेखकाने महिनाभर खपून मला रेखाटले व प्लायवुडच्या फळीवर चिकटविले. रेल्वेसाठी त्याने टाचण्यांवरून लाल दोरा ओढला. शेवटच्या स्थानकापासून वस्तीत फिरणाऱ्या बससाठी हिरवा दोरा हवा होता. तो त्याने थोरल्या बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानातून आणला. अकरा टाचण्या, म्हणजे अकरा थांबे.

एके दिवशी ही अक्का मला पाहावयास आली. "वा रे बाबू! दोरा माझा आणि मिरवतोस तू! आता एक थांबा माझ्या दारात शिव."

"शिवलाय की. ही सातवी टाचणी, तुझ्या नव्या दुकानासमोर."

अक्काचे जुने दुकान नाक्यावर होते. तेथेच स्थानकाचा जिना उतरणार असल्याने दुकानांची सबंध रांग मागच्या गल्लीत हलवावयाची होती. बस आली तरच त्या गल्लीत गिऱ्हाईक येणार होते. म्हणून दुकानदारांचा सारा जीव माझ्या हिरव्या दोऱ्यात अडकला होता.

काय ते माझे वैभवाचे दिवस! मोठे साहेब छडीने मला दाखवीत, पाहुणे माना डोलावीत आणि मी फळीवर फुगून जात असे.

दुकाने हलविण्यास संमती म्हणून दुकानदारांच्या सह्या घ्यावयाच्या होत्या; त्या सभेच्या आदल्या दिवशी एक पत्र आले. बस नामंजूर झाली होती. आरेखकाने मुकाट्याने हिरव्या दोऱ्याला हात घातला.

"आत्ता नको," साहेब म्हणाले. "उद्या सह्या होऊ देत, मग काढ."

"साहेब, माझी बहीण आहे हो त्या रांगेत."

"मग तर उत्तमच! तिनं सही केली की बाकीचेही करतील."

आरेखकाचा हात खाली आला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात मला उभे करण्यात आले. नाक्यावरच्या न्हाव्याने विचारले, "अक्का, बस नक्की येणार ना? नाहीतर मागच्या गल्लीत मी काय मांजरांची दाढी करू?"

सगळे हसले. अक्का म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावानं ओढलाय तो दोरा. तो मला फसवेल होय?" आणि तिने पहिली सही केली. भाऊ स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

मित्रांनो, मला जीभ नाही, पण चेहरा आहे. त्या दिवशी माझा चेहरा खोटे बोलला. ज्याने मला घडविले, त्यानेच मला दगाबाज केले. संध्याकाळी त्याने टाचण्यांसकट दोरा उपटला.

पुढे रेल्वे धावू लागली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. मागच्या गल्लीत मात्र कोणी फिरकेना. एके दुपारी बससाठी अर्ज घेऊन अक्का कार्यालयात आली. भाऊ तिच्यासोबत जिन्यापाशी आला. तिने मला ओळखले. आपली शिवणाची बोटे माझ्यावरून फिरवीत तिने भोके मोजली.

"दोरा उसवला तरी भोकं राहतात रे, बाबू. कधी काढलास?"

"सभेच्या संध्याकाळी."

"आणि बस येणार नाही हे कळलं कधी?"

तो पिंपाचे झाकण नीट बसवू लागला.

"सांग की!"

"आदल्या दिवशी, अक्का."

ती रडली नाही. भांडलीही नाही. "टाचण्या आण," एवढेच म्हणाली. पिशवीतून हिरवे रीळ काढून तिने त्याच अकरा भोकांवरून दोरा नेला. सातव्या टाचणीला गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला. "आता काढून दाखव," असे म्हणून मागे न पाहता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोरा काढावयास सांगितले. आरेखकाने तो काढला नाही. त्याने माझे तोंड भिंतीकडे केले. याला धैर्य म्हणावे की भित्रेपणा, ते मला अद्याप उमगले नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल, परंतु येता-जाता मला एकदा सरळ फिरवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी नकाशे काढू लागला, तर त्या थांब्यावर कोण उभे राहणार आहे ते आधी पाहा. दोरा काढावाच लागला, तर सही होण्यापूर्वी, त्यांच्या डोळ्यांदेखत काढा.