एक ऊन कमी

मंदाकाकींनी ताटातलं एक सुकेळं उचललं, टोक मोडून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. अंगणातल्या साऱ्या बायांचे हात थांबले. काकींची मान हलल्याशिवाय इथून एक पुडा बाहेर जात नसे.

मान हलली.

"बांधा."

हंसाने ताट उचलून आत नेलं आणि सगळ्या चहाला बसल्या.

बोळिंजच्या वाडीतला हा काकींचा कारखाना. कारखाना आपला म्हणायचा; पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात बांधायची, एवढंच काम. पण बाई भारी हौशी. दर शनिवारी चहाच्या वेळी प्रत्येकीने कामात एक सुधारणा सुचवायची, हा नियम त्यांचाच, आणि सुचवलेलं त्या करून बघतच. शेजारी टॉवर उभा राहिला, दुपारीच अंगणात सावली पडू लागली, तेव्हा सगळ्यांत धाकटी रोशनी म्हणाली, सुकवायच्या मांडवांना चाकं लावू. गाव हसलं. आता मांडव उन्हामागे अंगणभर फिरत होते आणि काकी येईल त्या पाहुण्याला ते ढकलून दाखवत.

हंसा मात्र कधी काही सुचवायची नाही. ती सगळ्यांत जुनी, काकींच्याच वयाची. "माझं काय नाय," म्हणायची आणि बशीत चहा ओतायची. आज तिने बशी खाली ठेवली.

"माझं हाय एक. तू चाखनं सोड, मंदा."

काकींनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला शुगर निघाली. डॉक्टर गोड नको बोलला, आनि तू रोज ताटंच्या ताटं चाखतेस."

"टोकभर तर खाते गं."

"टोकाटोकानंच होतं. रोशनीला चाखू दे."

सुकवायला, बांधायला, दुकानदारांशी बोलायला साऱ्या जणी तयार झाल्या होत्या. काकींनीच केल्या होत्या. स्वतःकडे उरली होती ती ही जीभ. तीही दिली तर या अंगणात आपण नुसतं खुर्ची अडवून बसायचं? नाही म्हणावंसं फार वाटलं. पण नियम त्यांचाच होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "करून बघू."

सोमवारी हंसाने ताट आणून मधोमध ठेवलं. काकींचा हात सवयीने पुढे गेला आणि पदर सारखा करत मागे आला. रोशनीने एक टोक मोडलं, तोंडात टाकलं आणि थेट काकींच्या तोंडाकडे बघितलं. पोर आपला चेहरा वाचून उत्तर देणार, हे काकींना कळलं. त्यांनी पाठ फिरवली आणि मांडवाच्या चाकात अडकलेलं पान काढत बसल्या. काढून झालं तरी वळल्या नाहीत.

रोशनीला बराच वेळ लागला.

"काकी... एक ऊन कमी आहे. आतून ओलं लागतंय."

आता काकी वळल्या. ताटात आणखी एक सुकेळं टोक मोडलेलं होतं. त्यांनीच मोडलेलं, शनिवारी. हे तेच ताट होतं, त्यांनी 'बांधा' म्हटलेलं.

दिवाळीला दुकानदाराने माल ओला म्हणून परत पाठवला होता. तेव्हाही हंसाच म्हणाली होती, ढग होते गं, तू काय करशील.

काकींनी हंसाकडे पाहिलं. ती खाली मान घालून पानं पुसत होती, मघाच पुसून ठेवलेली.

"ऐकलंत ना रोशनी काय म्हणाली?" काकी म्हणाल्या. "चढवा मांडवावर."

मग हंसाच्या शेजारी बसत, तिच्या हातातली अर्धी पानं त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

"हंसा, शुगरचं बरं सुचलं तुला."

"मला काय सुचतंय," हंसा म्हणाली. "डॉक्टरच बोलला."