तात्याला कुणी धरेना

मंत्र्याची गाडी जिल्ह्यात शिरायची असली, की पहाटेच पोलिसांची जीप तानाजीतात्याच्या दारात उभी राहायची, हा आटपाडीकडच्या त्या गावचा जुना रिवाज. तात्या पाण्याच्या आंदोलनापासूनचा पुढारी. पोलीस त्याला ठाण्यात नेऊन बसवत, पोहे खाऊ घालत आणि मंत्री गेला की संध्याकाळी सोडत. त्याची बायको हरणाबाई आदल्या दिवशीच पटका धुऊन ठेवायची, हवालदाराच्या चहासाठी दूध राखायची. एवढा मान गावात सरपंचालाही नव्हता.

या खेपेला मंत्री येणार होता तो नव्या विधेयकाची तरफदारी करायला. कायदा अजून व्हायचा होता, पण त्यात काय आहे ते गावाला पाठ झालं होतं. रस्ता अडवला तर जामीन नाही, आणि नुसत्या संशयावरून पोलिसांनी कुणाच्याही घरात शिरायचं. असल्या कायद्याच्या दिवशी तात्याला न्यायचं नाही, तर कुणाला? तो पटका बांधून पायरीवर बसला. जीप आली, दारावरून तशीच पुढं गेली आणि विश्वजितच्या घरापुढं थांबली.

विश्वजित म्हणजे तात्याच्या चुलतभावाचा मुलगा. सांगलीत वकिली शिकून नुकताच गावी आलेला. मंत्र्याच्या वाटेवर गावची सगळी मेंढरं सोडायची, ही कल्पना त्याची. सभेत त्यानं ती मांडली तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या पिटत उठली, आणि तात्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं. अख्खा जन्म मेंढरांमागं गेला तात्याचा, आणि सुचलं कुणाला? ज्याला शेळी कुठली नि मेंढी कुठली हे कळायला चष्मा लागतो, त्याला!

"आवं, मागनं येतील तुमच्याकडं," हरणाबाई म्हणाली.

"मागनं? मी काय उरल्यासुरल्यात हाय व्हय?"

विश्वजितला घेऊन जीप परतली, तीही थांबली नाही. बायका दारादारांत उभ्या राहून कौतुकानं त्याच्याकडं बघत होत्या. तात्याचा नुसता जळफळाट झाला. खरं सांगायचं तर त्या घडीला त्याला विधेयकाचा एवढा राग नव्हता, जेवढा त्या पोराचा होता. तो ताडकन उठला आणि एसटी धरून तालुक्याच्या ठाण्याकडं निघाला. हरणाबाईनं घाईघाईनं भाकरी बांधून घेतली आणि तीही त्याच्या मागोमाग गाडीत चढली.

गावची पोरं टेम्पो करून आधीच पोचली होती आणि फाटकाशी विश्वजितच्या नावानं घोषणा देत होती. आत बाकावर विश्वजित पोहे खात होता. तात्याचे पोहे.

"तात्या, तुमी कशाला आलासा?" अर्जुना हवालदारानं विचारलं.

"मला आत घे."

"तुमाला कशाला वो? नवं सायेब म्हणालं, तात्यांपासनं आता काय धोका न्हाई. बसू द्या घरी निवांत."

धोका न्हाई! त्यापेक्षा शिवी दिली असती तर परवडलं असतं. तात्या तरातरा साहेबाच्या टेबलापुढं गेला. साहेब तरणा होता, मोजकं बोलणारा.

"सायेब, मेंढरं सोडायचं डोकं कुणाचं, ठावं हाय का?"

"याचं," साहेबानं विश्वजितकडं बोट केलं. "आणि या वेळी पोहे खाऊन घरी, असं होणार नाही. गुन्हा नोंदवणार आहे. वरून तसं सांगणं आहे."

दुसरा कुणी असता तर जागीच गार पडला असता. तात्याला मात्र एवढंच ऐकू आलं, की पोराचं नाव आता कोर्टात गाजणार, पेपरात छापून येणार.

"ह्याला काय अक्कल हाय? मेंढरं माजी, डोकं माजं. त्यानं नुसतं बोलून दाखवलं. लिवा माजं नाव!"

साहेबानं त्याला नीट न्याहाळलं आणि विश्वजितला म्हणाला, "मग तू जा." तात्या ऐटीत त्याच्या जागेवर बसला, उरलेल्या पोह्यांची बशी त्यानं पुढं ओढली. सकाळपासून पहिल्यांदा जीव थंड झाला.

पण विश्वजित हलेना. त्याचे डोळे भरून आले होते.

"साहेब, तात्या मला वाचवायला खोटं बोलतायत. मेंढरांचं मीच सांगितलं. अख्ख्या सभेनं ऐकलंय, बाहेर कुणालाही विचारा."

"खोटं? आरं, खोटं न्हाई! माजंच डोकं हाय ते!" तात्या ओरडला. तो जितका ओरडला, तितकं सगळ्यांना जास्तच गहिवरून आलं. अर्जुनानं टोपी काढून डोळे पुसले. साहेबाचाही आवाज उतरला.

"पुतण्यावर एवढी माया मी पाहिली नाही, तात्या. पण खोटा जबाब मला घेता येत नाही. घरी जा तुम्ही."

विश्वजित तात्याच्या पाया पडला. हरणाबाईनं नवऱ्यासाठी बांधलेली भाकरी त्या पोराच्या हातात दिली. मग त्याला नेलं ते बाकाकडं नव्हे, कोठडीकडं. दाराशी पोर थबकलं, अर्जुनानं त्याला दंडाला धरून आत घेतलं. तात्यानं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी त्याला त्याचा हेवाच वाटला.

आतली हकीकत तोवर फाटकाबाहेर पोचली होती; पोरांनी विश्वजितसाठी आणलेला हार तात्याच्या गळ्यात घातला. परतीच्या एसटीत हरणाबाईनं त्याचा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

"त्या पोरावर तुमचा एवढा जीव हाय, मला कवा कळलंच न्हाई," ती म्हणाली.

तात्यानं गळ्यातला हार सारखा केला. मग म्हणाला, "व्हय."