कंसातला एकटा बरोबर

मी ‘बरोबर’ बोलतोय. मी म्हणतो ते सगळं खरंच असतं असा दावा नाही. माझं नावच बरोबर. एकाखाली एक अशा दोन आडव्या रेघा. शाळेच्या फळ्यावर तुम्ही मला हजारदा पाहिलंय. तिथं मी गरीब असतो. दोन्हीकडचं सारखं आहे एवढं सांगतो आणि गप्प उभा राहतो.

कॉम्प्युटरच्या सी नावाच्या भाषेत माझा स्वभाव निराळा आहे. तिथं मी सारखं आहे असं म्हणत नाही, सारखं करतो. उजवीकडचं उचलतो आणि डावीकडच्याच्या टाळक्यात घालतो. तिथं आधी काय होतं ते चिरडून जातं. खरंखोटं विचारायचं असेल तर त्या भाषेत दोन बरोबर शेजारी शेजारी लावावे लागतात. ती जोडी विचारते, मी एकटा मारतो. याची मला लाज वाटत नाही. तिथं ते रोजचं काम आहे.

माझा जन्म चंडीगढचा, ऐंशी साल उलटल्यानंतरचा. सेक्टर सतरामध्ये एका बँकेच्या वर छोटीशी कंपनी होती. कारखान्यातल्या मशिनांना हुकूम देणाऱ्या पेट्या ती बनवायची. त्या पेट्यांचे प्रोग्राम लिहायला दोघं मराठी माणसं. पद्मजा सांगलीची, नवरा हवाई दलात म्हणून इकडे आलेली. चारुदत्त नागपूरचा, वडिलांच्या सरकारी बदलीमागे आलेला. बाहेर दोघं हिंदीत बोलत, कामाला बसले की मराठीत. पद्मजा कागदावर लिहून वाचून दाखवी आणि चारुदत्त टाइप करी.

पद्मजाला थोडक्यात लिहायची भारी हौस. लूप म्हणजे अट खरी आहे तोवर तेच काम पुन्हा पुन्हा करायचा हुकूम. ती त्या अटीतच माझ्या भाऊबंदांना बसवायची. माझ्या वरच्याच ओळीत एक होता. तो पुढचा आकडा उचलून आत घालायचा आणि ‘संपलं का’ हे शेजारच्या चिन्हाला लगेच विचारू द्यायचा. एका ओळीत दोन कामं. त्याला तिनं वेगळा कंसही दिला होता, त्यामुळे त्याचा मान मोठा.

आमची पेटी इंडस्ट्रियल एरियातल्या एका पत्रा ठोकायच्या प्रेससाठी होती. ट्रॅक्टरचे भाग बनवणारा कारखाना. प्रेसपुढं जाळीचं दार. दार बंद आहे तोवर ठोकत राहायचं, उघडलं की थांबायचं. अट एवढीच. कूलर घरघरत होता आणि पद्मजा वाचत होती.

“व्हाइल, कंस सुरू, डोअर, बरोबर...”

“हो, टाकलं.”

“बरोबर. क्लोज्ड, कंस पुरा.”

दुसरा बरोबर तिनं टाइप करायला सांगितला होता. चारुदत्तला वाटलं, ताई मान डोलावतायत. तो पुढं गेला आणि मी एकटाच जन्मलो. इंग्रजीत वाचलं असतं तर हे झालं नसतं. छापलेला कागद दोघांनी तपासला, पण तिच्या कानात दोन बरोबर बसलेले आणि त्याच्या कानात एकच, मग डोळे काय करणार? यंत्रानंही हरकत घेतली नाही. माझा भाऊ अटीत बसू शकतो, तर मी का नाही?

मी अटीत बसलो आणि कामाला लागलो. दाराची खबर आणणारी तार ‘उघडं’ म्हणो की ‘बंद’, मी प्रत्येक फेरीला तिच्या तोंडात ‘बंद’ कोंबायचा. बाहेर दिवा हिरवा लागायचा. चाचणीत मशीन सुरू केलं, लाल बटण दाबून थांबवलं, सगळ्यांनी चहा घेतला. चालत्या मशिनाचं दार कुणी उघडून पाहिलं नाही.

ते उघडलं करनैल सिंगनं. तो त्या प्रेसवरचा जुना कारागीर. पत्रा अडकला, म्हणून त्यानं शिकवल्याप्रमाणे दार उघडलं आणि प्रेस वर थांबली समजून उजवा हात आत घातला. तार ओरडली, ‘उघडं’. मी तिला चिरडलं. प्रेस खाली आली. बोटं पत्र्यासकट साच्यात गेली. त्यानं हात ओढायच्या आत पुढची फेरी आली, मी पुन्हा ‘बंद’ म्हटलं आणि प्रेस पुन्हा आली. कुणीतरी मेन स्विच खेचेपर्यंत पंजा म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दिवा हिरवाच होता.

फोरमननं दिव्याकडे बोट दाखवलं. दिवा हिरवा म्हणजे दार बंद होतं, ते उघडलं हात सोडवताना. दार बंद म्हणजे ह्यानं बाजूनं हात घातला. शुद्धीतला माणूस असं करील का? संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात करनैल दारुडा ठरला, आणि कामावरूनही गेला. माणसंही माझ्यासारखीच. विचारायचं सोडून डोक्यात घालतात.

पद्मजाला राहवेना. ती सायकल काढून हॉस्पिटलात गेली.

“दरवाज़ा खोला था आपने?” तिनं विचारलं.

“खोलया सी, बीबीजी,” उघडलंच होतं असं तो पंजाबीत म्हणाला. “बत्ती फिर भी हरी.”

“किसी को बताया नहीं?”

“पुछ्या किसने?”

परत येऊन तिनं कागद पसरला आणि ओळीवर बोट ठेवत माझ्यापर्यंत आली. बोट तिथंच थांबलं. चारुदत्तनं खांद्यावरून ती ओळ वाचली.

“ताई, प्रोग्राम दुरुस्त करून पेटीत गुपचूप नवी चिप बसवून देऊ,” तो म्हणाला. “कोणाला काही समजत नाही. आपली नोकरी जाऊन राहिली बघा.”

“त्याचा हात गेलाय, चारुदत्त. वर त्याच्या नावावर दारू लावलीय. घरी पोरांना तो काय तोंड दाखवेल?”

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली ती पिशवीत दुधी भोपळा घेऊन. मालक आणि फोरमनला प्रेसपुढं उभं केलं, दार सताड उघडलं आणि भोपळा साच्यावर ठेवून मशीन सुरू करायची पायपट्टी दाबली. मला काय, हात आणि भोपळा सारखेच. मी ‘बंद’ म्हटलं. भोपळा फुटला, बिया फोरमनच्या शर्टावर उडाल्या. पुढचा घाव चोथ्यावर, त्यापुढचा पुन्हा चोथ्यावर. दार उघडं, दिवा हिरवा. लाल बटण दाबून पद्मजा म्हणाली, “ग़लती हमारी है. इनकी नहीं.” फोरमन शर्ट पुसत राहिला.

तिला तिच्या मालकानं खूप सुनावलं. चारुदत्त बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण करनैलवरचा डाग निघाला आणि त्याला परत बोलावणं गेलं. पद्मजानं मला पुसलं नाही. माझ्या शेजारी दुसरा बरोबर टाइप केला, यावेळी स्वतःच्या हातानं. माझ्या अंगातला जोर गेला. मला विचारावं लागणार होतं आणि उत्तर ऐकून घ्यावं लागणार होतं.

नवी चिप बसवली त्या दिवशी सगळे जमले. मालक म्हणाला, लाकूड ठेवून पाहू. करनैलनं लाकूड बाजूला सारलं. दार उघडलं आणि उरलेला डावा हात मनगटापर्यंत साच्यावर ठेवला.

“सरदारजी, नहीं,” पद्मजा पुढं धावली.

“रहने दो, बीबीजी. काम मैंने करना है.”

त्यानं पायपट्टी दाबली. मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, दार बंद आहे का? तार म्हणाली, नाही. मला ते ऐकावंच लागलं. दिवा लाल झाला. प्रेस वर होती तिथंच राहिली. करनैलनं हात सावकाश बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि दार ओढून घेतलं. पद्मजा भिंतीला टेकून रडत होती.

तेव्हापासून मी त्याच कंसात आहे. करनैल रोज येतो, डाव्या हातानं पत्रा सरकवतो आणि मी दर फेरीला विचारतो. पुढं कधी तुम्ही हा प्रोग्राम उघडाल. दोन दोन बरोबर कशाला, असं वाटून जागा वाचवायचा मोह होईल. एवढं ऐका, माझ्या शेजारच्याला पुसू नका. मी एकटा पडलो की काय करतो ते मला ठाऊक आहे, आणि करनैलकडे आता एकच हात आहे.