मी झाले नलिनीताई

मी खुर्ची बोलतेय. तांबडी, प्लास्टिकची, मरोळच्या कारखान्यात जन्मलेली. बोलावं की नाही, याचा मी फार विचार केला. कारण मुलुंडच्या ज्या वर्गात मी असते, तिथे खुर्चीचं बोलणं ऐकू येणं हे काही चांगलं लक्षण मानत नाहीत.

मनाच्या आजारात ज्यांच्या हातून गुन्हा घडला, त्यांचा हा वर्ग. राग आला की थांबायचं, समोरच्याचं ऐकायचं, मग काय ते करायचं, असं गंधाली मॅडम शिकवतात. समोरचा म्हणजे मी; ज्याच्याशी भांडण, तो माझ्यावर बसलाय असं समजून माझ्याशी बोलायचं. आजवर मी सासरा झाले, शेजारीण झाले, एकदा तर ट्रॅफिक हवालदारसुद्धा. जमलं की नाही, कोण जाणे.

मधुकरसाठी मी त्याची नलिनीताई होते. बातम्या देणारी बाई आपल्यालाच नावं ठेवते, असं वाटून त्याने ताईचा टीव्ही तिसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरीच्या गाडीवर टाकला होता. आता गोळ्यांनी ते आवाज थांबले होते. ताईने घाटकोपरला परत नेलं तर घर, नाहीतर पुन्हा इस्पितळ. ताई आली होती. पण आत यायची छाती होईना, म्हणून दाराबाहेर बाकावर बसली होती.

"ताई, चुकलो गं," मधुकर मला म्हणाला.

"छान! मग ताई काय म्हणाली?" मॅडमनी विचारलं.

मधुकरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नीट ऐका ना. काहीतरी म्हणालीच असेल."

"मॅडम, ही खुर्ची आहे! बोलली म्हणालो, तर तुम्ही डॉक्टरांना कळवणार. नाही म्हणालो, तर समोरच्याचं ऐकत नाही म्हणणार. वाटच लागली ना माझी!"

मॅडम पेनाचं टोपण चावत राहिल्या. मला वाटलं, आपणच 'माफ केलं' म्हणून टाकावं. मग म्हटलं, नको बाई. मदतीला जायचे आणि त्याच्या गोळ्या वाढवून बसायचे.

तेवढ्यात दार उघडून खरी नलिनीताई आत आली.

"मॅडम, खुर्ची बोलत नाही, एवढं कळतंय ना त्याला? मला पुरे आहे." आणि ती धप्पकन माझ्यावर बसली. "हं, बोल रे आता."

"नवा टीव्ही घेतलास?" त्याने कसंबसं विचारलं.

"घेतला. भिंतीला स्क्रूने आवळून. चल, बॅग भर."

तेव्हापासून माझा एक पाय जरा फाकलाय. पुढच्या आठवड्यात मला कुणाचा तरी जावई व्हायचंय, त्याचंच टेन्शन आहे. तुमचं माणूस इथे असेल, तर या आणि बसा. मी पेलेन, बहुतेक.