झील सोडायची खूण

मॅडमचा हात खाली आला, कोरसमधली चोवीसच्या चोवीस माणसं एकदम गप्प झाली, आणि तरीही सूर चालूच राहिला.

कुणी एसीकडे बघितलं, कुणी स्पीकरकडे. एका डॉक्टरीणबाईंनी तर स्वतःच्या तोंडावर हात ठेवून खात्री करून घेतली. सूर येत होता रिकाम्या हॉलच्या शेवटच्या रांगेतून. तिथे ड्रायव्हर दत्ताराम गाडीची किल्ली मुठीत धरून, डोळे मिटून बसला होता. तालीम संपेपर्यंत तिथे बसायची त्याला परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. पण त्या बापड्याला आपण तोंड उघडलंय याचाच पत्ता नव्हता!

"काका!" पुढच्या रांगेतून रेवा ओरडली. कोरसमधली ही एकुलती एक मराठी मुलगी, जन्म मस्कतचाच. "काका, स्टॉप! संपलं!"

दत्तारामनं डोळे उघडले. पन्नास डोळे त्याच्यावर रोखलेले. तो ताडकन उठला, किल्ली खाली पडली, ती उचलताना डोकं पुढच्या खुर्चीवर आपटलं.

"सॉरी मॅडम. सॉरी. बाहेर जातो."

"नो!" मॅडम स्टेजवरून उतरून जवळजवळ पळतच आल्या. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

मॅडमचं नाव आफेर्दिता. दत्ताराम त्यांना दिता मॅडम म्हणे. बाई अल्बेनियाच्या, दक्षिणेकडच्या डोंगरातल्या. शिकल्या व्हिएन्नात, आणि गेली सहा वर्षं मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका संगीतसंस्थेत शिकवत होत्या, स्वतःच्या रचना लिहीत होत्या. दत्ताराम त्याच संस्थेत एकोणीस वर्षं ड्रायव्हर. म्हणजे वीणा, व्हायोलिनं, तबले, त्यांचे मास्तर, सगळ्यांना त्यानं इकडून तिकडे नेलेलं. पण तू गातोस का, असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तो नाहीच म्हणाला असता. कारण तो गात नव्हता. तो मागे असायचा.

लांज्याजवळच्या त्याच्या गावात गाणारा एकच, त्याचा थोरला भाऊ भिकाजी बुवा. दत्तारामहून अकरा वर्षांनी मोठा, बापाच्या जागी. बुवा पुढे पेटी घेऊन बसायचा, आणि मागे झीलकरी. बुवानं ओळ टाकली की तिचा शेवटचा सूर मागच्यांनी धरून ठेवायचा, ती झील. गावच्या सप्त्यात सात दिवस भजन खंडू द्यायचं नाही असा दंडक. म्हणून शेजारचा श्वास घ्यायला लागला की आपण घ्यायचा नाही, तो भरून आला की मग आपण. आणि झील सोडायची कधी? तर बुवा मान वळवून मागे बघेल तेव्हा. त्याआधी आभाळ कोसळलं तरी नाही. नऊ वर्षांच्या दत्तूनं एकदा आधीच सोडली, तर बुवानं हातातला टाळ फेकून मारला होता. भुवईवरचा तो व्रण अजून दिसतो.

हे सगळं त्यानं सोमवारी तालमीनंतर मॅडमना गाडीत सांगितलं. मॅडमचं इंग्रजी आणि दत्तारामचं इंग्रजी दोन वेगवेगळ्या बाजूंनी मोडलेलं होतं, त्यामुळे मध्ये छान जमायचं.

"आमच्याकडे त्याला ईसो म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "गावात कुणी गेलं की एक बाई पुढे होऊन रडतं गाणं म्हणते. बाकीच्या खालून एकच सूर धरतात. का, माहीत आहे? जी रडते आहे ती पडू नये म्हणून. खाली काहीतरी हवं ना उभं राहायला."

"बरोबर," दत्ताराम म्हणाला.

"माझी आई सत्त्याण्णव साली गेली. देशात बंदुका चालत होत्या, विमानं बंद. मी व्हिएन्नात. तिच्यासाठी पुढे उभं राहायचं होतं मी." त्या काचेबाहेर बघत राहिल्या. "हे गाणं त्याचं आहे. पण माझा कोरस एकदम श्वास घेतो आणि एकदम थांबतो. नळ बंद करावा तसा. गुरुवारच्या कार्यक्रमात तुम्ही उभे राहा त्यांच्यात."

नाही म्हणायची दत्तारामला सवय नव्हती, आणि हो म्हणायला जीव धजत नव्हता. कारण रविवारपासून भिकाजी बुवा रत्नागिरीच्या दवाखान्यात होता. दुसरा झटका. दत्तारामची रजा मंजूर होती ती पुढच्या रविवारपासून. चार दिवस आधी सोडा, एवढं एक वाक्य मॅडमना बोलायचं होतं. सोमवारी वाटलं, आज तालीम आहे. मंगळवारी वाटलं, त्या आधीच वैतागल्यात. पुढे होऊन मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. आणि बुधवारी पुतण्यानं, अनयनं, फोन बुवाच्या कानाला लावला तेव्हा पलीकडून घोगरा आवाज आला, "दत्तू... यंदा सप्त्याला... मागं कोण हाय रं?"

"मी येतोय ना भाऊ. रविवारी निघतो."

"रविवारी," बुवा म्हणाला. बरं म्हणाला नाही की नको म्हणाला नाही.

त्या दिवशी दत्तारामचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गाडी धुतली, पुन्हा धुतली. चहा ओतून घ्यायचा आणि टेबलावर विसरायचा. वादी कबीर भागातल्या खोलीवर त्याच्याबरोबर दापोलीचा जैनुद्दीन राहायचा, शिलाईकाम करणारा. तो म्हणाला, "अरे, बस की एका जागी! सारखा दार-खिडकी, दार-खिडकी. मॅडमला सांग नि जा. त्या काय तुला खातात?"

"गुरुवारचा कार्यक्रम झाला की सांगतो."

"तुझा कार्यक्रम होईल रे. मरण काय तुझ्या कार्यक्रमाचं पत्रक वाचून येतं?" एवढं बोलून जैनुद्दीननं जीभ चावली. "इन्शाल्ला, बरा होईल तो," म्हणाला, आणि गुरुवारसाठी दत्तारामच्या मापाचा काळा कुर्ता शिवायला बसला.

गुरुवारी दुपारी तीनला अनयचा फोन आला. दत्ताराम संस्थेच्या आवारात गाडीच्या सावलीला उभा होता.

"काका. बाबा गेले."

दत्तारामनं फोन कानाला आणखी दाबला.

"काका, ऐकताय ना? आत्याला पनवेलहून यायचंय, म्हणून साडेसातला उचलणार. तुमच्याकडचे सहा वाजतील. तुम्ही काय पोचत नाय, आमाला माहिताय. राख सावडायला या."

"भजन?"

"पखवाज हाय. शेजारच्या वाडीतला बुवा येतोय. पण काका, मागं कोण नाय. सगळी पोरं मुंबईला."

चाळीस वर्षं ज्यानं गावाला गाऊन दाखवलं, तो माणूस मागं कुणी नसताना जाणार! दत्तारामला गाडीचं दार उघडेना. उन्हानं तापलेल्या पत्र्यावर त्यानं तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. आधी मागितलं असतं तर काल रात्रीच पोचलो असतो. कुणी अडवलं नव्हतं. आपणच आपल्याला अडवलं. हा विचार आला, तो काही हटेना.

चारला तो मॅडमच्या दारात हजर होता. सवय, दुसरं काय! सिग्नल लाल झाला तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, "मॅडम, माझा भाऊ गेला. आज दुपारी."

सहा वर्षांत पहिल्यांदाच तो आपणहून आधी बोलला होता.

"गाडी विमानतळाकडे वळवा," मॅडम म्हणाल्या.

"सहा वाजता उचलतात त्याला. कुठलंच विमान पोचत नाही."

"आजारी होते? कधीपासून? मला का नाही सांगितलं?" मॅडम ओरडल्याच. "मी कोण वाटले तुम्हाला? मी! मला नाही सांगितलं?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजले. दत्तारामनं गाडी पुढे घेतली. मॅडमनी फोन काढला, आणि हॉलपाशी पोचेपर्यंत रात्रीच्या मुंबईच्या विमानाचं तिकीट काढून झालं होतं.

"आज तुम्ही गायचं नाही. घरी जा. बॅग भरा."

दत्ताराम गाडीतून उतरला. किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आमच्यात सुतक असतं. घरातलं कुणी गेलं की दहा दिवस देवळात जात नाहीत, सण करत नाहीत. तुमच्याकडे... अशा दिवशी गातात?"

"आमच्याकडे अशाच दिवशी गावं लागतं," मॅडम म्हणाल्या.

त्यानं डिकीतून काळा कुर्ता काढला.

पडद्यामागे रेवानं त्याला हळूच बाजूला घेतलं. तिला सगळं कळलं होतं; तिचं मराठी आधीच अडखळतं, आज जास्तच अडखळलं. "काका, मी... मला खूप वाईट वाटलं. तुम्ही माझ्या बाजूला राहा. मॅडम पुढे असणार, पब्लिककडे तोंड करून. त्यांचा लेफ्ट हॅन्ड बघायचा. खाली आला की बंद. ओके?"

"ओके," दत्ताराम म्हणाला. कळलं होतं त्याला. शपथेवर सांगतो, नीट कळलं होतं.

सहाला पडदा सरकला. मॅडम पुढे उभ्या राहिल्या, पाठ कोरसकडे, डावा हात वर. पंचवीस जणांनी 'ए' असा खालचा सूर धरला, आणि त्यावर मॅडमनी आपल्या भाषेत आईला हाक घातली. शब्द कळायचं कारण नव्हतं. दत्तारामला पाठ दिसत होती, आणि पाठ त्याच्या ओळखीची होती. पुढे गाणाऱ्याची. रेवा श्वास घ्यायला लागली की तो थांबे, ती भरून आली की तो घेई. तिकडे आता उचललं असेल. आता ओढ्यापाशी आले असतील. ओढ्यावरच्या अरुंद साकवावर खांदेकऱ्यांना एकेक करून जावं लागतं, तिथे हमखास भजन तुटतं, तिथेच मागून घट्ट धरायचं असतं. त्यानं धरलं.

मॅडमची हाक वर गेली, फाटली, खाली आली आणि संपली. डावा हात खाली आला.

चोवीस माणसं थांबली. दत्तारामनं तो हात बघितला. पण बुवानं मान वळवली नव्हती.

रेवानं त्याचा कुर्ता ओढला. त्याला ते समजतही होतं. घसा सोडतच नव्हता! श्वास संपला, त्यानं नवा घेतला, तेवढ्यापुरता सूर खंडला आणि पुन्हा धरला गेला. शेजारी कुणीच धरलेला नसला की असं होतं. आवाज थरथरायला लागला. पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. भाऊ, बघ ना. एकदा बघ मागं. मी हाय.

मॅडम तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या. गाडीत सोमवारी ऐकलेलं त्यांना आठवायला किती वेळ लागला, कोण जाणे. मग त्यांनी श्रोत्यांकडे सरळ पाठ केली. डाव्या खांद्यावरून नुसती मान वळवून नव्हे, अख्ख्या वळूनच त्यांनी दत्तारामकडे बघितलं, आणि हनुवटी जराशी खाली केली.

दत्तारामनं झील सोडली.

सोडली, आणि दुपारी तीनपासून जे आलं नव्हतं ते आलं. छपन्न वर्षांचा माणूस, नवा कोरा कुर्ता घातलेला, तीनशे लोकांसमोर हुंदका देऊन रडला. "भाऊ," म्हणाला. "भाऊ, उशीर झाला रे मला." रेवानं दंड धरला.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त तोंड उघडलं आणि खालचा सूर धरला, अगदी हलका. मग तो रेवानं धरला. मग डॉक्टरीणबाईंनी. मग एकेक करत सगळ्यांनी, आणि यावेळी कुणीही एकदम श्वास घेतला नाही. दत्ताराम पुढे येऊन उभा राहिला नव्हता, पण पुढे तोच होता. मागे चोवीस माणसं उभी होती, आणि तो रडत होता तोवर त्यांनी सूर सोडला नाही.

समोर बसलेल्यांना वाटलं, हेही गाण्यात लिहिलेलंच असणार.