मार्चमध्ये न दिसलेली खर्चुडी

मी खर्चुडी बोलतेय. दचकू नका, तुमच्यापेक्षा मीच जास्त दचकते. नाव ऐकलं नसेल तरी चालेल. मी ज्या उद्यानात राहते तिथल्या माहितीपत्रकातही ते नाही.

कुरुळीच्या मागे, कंपन्यांच्या शेड संपतात तिथल्या टेकडीच्या उतारावर माझा कंद रुजला. वर्षातले चारच महिने मी वर असते. श्रावणात कंदिलासारखं हिरवट फूल येतं. दिवाळीपर्यंत वेल वाळतो, जीव तेवढा खाली कंदात राहतो. अशा आम्ही अकराजणी होतो. आणखी कुठे कुणी असेल, तर मला ठाऊक नाही.

मग एका कंपनीच्या मदतीने इथे वन्यजीव उद्यान झालं आणि शेवंती आली. हत्तीण. जन्मभर डांबरावर भीक मागून तळवे फाटलेली. तिला मऊ माती हवी होती, ती आमच्या उतारावर होती. ती माती उकरायची, अंगावर उडवायची. पहिल्याच हिवाळ्यात आमचे चार कंद उघडे पडून सुकले.

तिचा राग येत नाही. आला असता तर सोपं गेलं असतं.

आकुर्डीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी वर्षाली दर श्रावणात आम्हाला मोजायला यायची. तिने अर्ज केला : खर्चुडीभोवती कुंपण घाला, पलीकडची मऊ माती शेवंतीला ठेवा. अर्ज मंजूर झाला! पण काम निघालं मार्चमध्ये, वर्षालीच्या परीक्षेच्या आठवड्यात. कंपनीचे सलिलसर आले, सोबत उद्यानाचे राखणदार बबनराव.

"कुठेय ते झाड?"

"आत्ता न्हाई दिसायचं सायेब. हितं खाली हाय, मी दावतो की."

"फोटोत काय दाखवू, माती?"

"मग श्रावणात या."

"अहो, मार्चअखेर काम झालेलं दाखवायचंय! ते पलीकडे हिरवं काय आहे?"

"ती घाणेरी हाय. कुटंबी उगवती."

"फुलं छान आलीत. तिच्याभोवती घाला."

आज घाणेरीभोवती भक्कम जाळी आहे. वर पाटी : 'दुर्मिळ वनस्पती. आत जाऊ नये.' जाळीत पलीकडची मऊ मातीही अडकली. त्यामुळे शेवंती आता दिवसभर आमच्याच उतारावर असते.

परीक्षा संपवून आलेल्या वर्षालीने ती पाटी वाचली आणि थेट बबनरावांना गाठलं. "बबनकाका, तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं गं पोरी. राखणदाराचं कोन ऐकतंय?"

तिने पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, 'कुंपणाचे काम पूर्ण. विषय बंद.'

यंदाच्या श्रावणात मी एकटीच उगवले. फूल आलं, त्यात चिलटं शिरली, बाहेर पडली. पण दुसऱ्या खर्चुडीचे पराग त्यांनी आणायचे कुठून? शेंग धरली नाही. शेवंतीचा पाय जवळ पडला की माती हादरते आणि मी देठापर्यंत थरथरते.

तिला हाकलू नका, तिलाही दुसरीकडे जागा नाही. ती जाळी उपटा आणि वीस पावलं इकडे आणा. एवढंच काम आहे. पण दिवाळीच्या आत या. नंतर आलात तर मी जगलेय की मेलेय, वरून दोन्ही सारखंच दिसेल.